तैपूसाचा दुसरा दिवस

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
आषाढ वद्य दशमी, विजयनाम संवत्सर

चिरंजीव सेतूस आजी विशालाक्षीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. अर्धं पत्र वाघळांचं. तुझा बापही असंच लिहायचा. मला वाटलं होतं, मलायात जाऊन नातू रबराच्या मळ्यावर साहेब होईल. तू शोधून शोधून बापाच्याच जागी जाऊन बसलास. जंगलाला सरकारी पहारा, जंगलातल्या गुहेला पहारा, आणि गुहेत काय, तर वाघळं! इथे साक्कोट्टैच्या देवळात अंधाऱ्या ओवरीत लोंबतात मेली, वासानं नाक धरावं लागतं. त्यांना कोणी राष्ट्रीय केलं नाही.

आता कामाचं. येत्या कार्तिकात बारा वर्षं होतात. व्यंकटरमणाचं शेवटचं पत्र आलं आणि पुढल्याच महिन्यात जपान्यांची लढाई लागली. मग चिठ्ठी नाही की निरोप नाही. गुरुमूर्ति भटजी परवा तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, येऊन बसले, मी आतल्या उंबऱ्याशी. म्हणाले, बारा वर्षं ज्याची खबर नाही तो गेला असं शास्त्र धरतं. पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करायचा, दर्भानं बांधायचा, कावेरीवर नेऊन जाळायचा. अग्नी मुलानं द्यायचा. मुलगा तू एकच. तेव्हा कार्तिकाआधी नागपट्टणला उतरशील असं कर.

पानं जळली की तुझ्या आईचं कुंकू जाईल. हे मी लिहायचं नाही आणि तू वाचायचं नाही, असं करून चालत नाही. मी एकोणतिसाव्या वर्षी न्हाव्यापुढे बसले. मेले नाही. गोमती माझ्या भावाची लेक, पाळण्यात तिला मीच घातली, सून करून मीच आणली. मला यात गोडी आहे असं समजू नको. पण एक माणूस ना जित्यांत ना मेल्यांत, असा किती वर्षं टांगून ठेवायचा? तो काय वाघूळ आहे?

तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवते. तिला अक्षर येत नाही, पण श्री ओळखते. पाकीट फोडलं की आधी कागदाचा माथा बघते. वर श्री असली म्हणजे मरणाची बातमी नाही, मग चुलीकडे वळते. तू निघालास तेव्हा मी रडून घेतलं नाही असं नाही, पण ती रडली नाही. "जाऊ द्या त्याला आत्या, तिथेच जाऊ द्या," म्हणाली. कशाचं बनवलंय तिला कोण जाणे.

हल्ली जेवण कमी केलंय. दरवर्षी पौष पुनवेला स्वामिमलैला तैपूस भरतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं डोकं धरतं, सकाळीच डोक्यावरून न्हाते, दिवसभर अन्नाला शिवत नाही. उत्सवाची धूळ बाधते. ते एक दिवसाचं होतं. आता रोजच अर्धं पान टाकून उठते.

बोटीचं कळविणे. अक्षर वाकडं आहे, वाचून घे.

विशालाक्षी

॥ श्री ॥

राष्ट्रीय उद्यान, पहांग, मलाया
२२ ऑगस्ट १९५३

तीर्थरूप आजीस सेतूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही रागवाल, तरी लिहितो. मी कार्तिकात येत नाही.

ज्या माणसाला मेलेला कोणी पाहिलं नाही त्याला मी आग कशी लावू? पानांचा असला म्हणून काय, तो माझा बाप म्हणूनच जाळायचा ना? इथे लढाईत जंगलात शिरलेली माणसं वर्षावर्षांनी बाहेर आली आहेत. कोणी सयामात निघालं. थोडा वेळ द्या.

बाबांना ओळखणारा इथे एकच माणूस उरला आहे. इद्रिस नावाचा म्हातारा मलाय होडीवाला. त्याला विचारलं की तो नदीकडे बघतो आणि होडीचा दोर सोडवायला लागतो. मला वाटतं, त्याला काही ठाऊक आहे.

तुम्ही वाघळांना हसता. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी एकदा उभ्या राहिलात तर हसणार नाही. आधी आतून वारा सुटल्यासारखा आवाज येतो. मग धूर निघावा तशी ती निघतात, नदीवरून वळून जंगलावर पसरतात, आणि निघतच राहतात. आत जमिनीवर त्यांच्या विष्ठेचा थर आहे, मऊ, कोरडा, पाय रुततो. खालच्या गावांतले लोक भाजीच्या मळ्यांना खत म्हणून ते खणायला येतात. मशाली पेटवतात. धूर झाला की वाघळं सैरावैरा होतात, छताला धरून बसलेली पिलं खाली पडतात, आणि खाली पडलेलं पिलू पुन्हा वर जात नाही. म्हणून तिथे खणायला बंदी. मी आणि इद्रिस काठ्या घेऊन पहारा करतो. बाबा हेच करत असत.

आईला जपा. तिला डॉक्टरला दाखवाल का?

सेतू

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
भाद्रपद वद्य दशमी

चिरंजीव सेतूस आशीर्वाद.

येत नाहीस ते कळलं. नको येऊ. कार्तिकाची घाई राहिली नाही. भटजींना मी सांगून टाकलं, यंदा पळसाची पानं किडकी आहेत, किडक्या पानांचा माणूस मला नको. ते म्हणाले, पानं तिरुवैयारहून मागवू. मी म्हटलं, तिथलीही किडकी आहेत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बघू देत.

तुझ्या आईला तंजावरला नेऊन दाखवलं. पित्त आहे. औषध चाललंय.

तुझं वाघळांचं पत्र तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग वाटण वाटता वाटता एकेक विचारते. "आत्या, तिथे आत थंडी असते का? पावसाचं पाणी आत शिरतं का? खालची जमीन मऊ आहे असं लिहिलंय ना?" मी म्हटलं, तुला काय तिथे बिऱ्हाड करायचंय? तर हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून लिहिते.

काल अविधवा नवमी झाली. शेजारच्या अलमेलूच्या घरी येतात ना ते आपल्यातले मराठी राव, त्यांनी गोमतीला सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं होतं. नाही गेली. पोट दुखतं म्हणाली. बरं, यंदा खरंच दुखतंय. गेल्या वर्षी काय दुखत होतं? त्याआधी? हिला कोणी सवाष्ण सांगितलं की हिचं काहीतरी दुखतंच. कोणाला हळदीकुंकू लावायचं म्हटलं की करंडा माझ्या पुढे सरकवते, आणि मग जीभ चावते, की मी कुठली लावणार. नवरा जवळ नाही म्हणून माणसांत जायला लाजते, झालं. मी विधवा झाले तेव्हा रस्त्यात कोणाला सामोरी गेले तर लोक मागे फिरायचे, आणि हिला पाट मांडून बोलावतात तर ही जात नाही.

पितृपक्षात सगळ्यांची नावं घेतली. तुझ्या बापाचं घेतलं नाही.

गुहेत जाताना तोंडाला फडकं बांधत जा. तसली धूळ छातीत बसते.

विशालाक्षी

॥ श्री ॥

पहांग,
१८ ऑक्टोबर १९५३

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

किडक्या पानांचं वाचून मला बरं वाटलं होतं. वाटलं, आजीनंही आशा धरली. म्हणून हे पत्र लिहायला आठ दिवस लागले.

बाबा गेले, आजी. पुष्कळ वर्षांपूर्वीच गेले.

गेल्या आठवड्यात खत खणणारी टोळी आली होती. आम्ही हाकलली. त्यांनी आतल्या भिंतीशी खणून ढीग लावला होता, वाट बंद झाली होती. ती मोकळी करायला मी त्यांचंच टाकलेलं फावडं उचललं आणि बाजूला घातलं, तसा इद्रिसनं माझा हात धरला. "इथे फावडं नको. इथे क्राणी आहे." इकडे कारकुनाला क्राणी म्हणतात. मग तो खाली बसला आणि सगळं बोलला.

जपानी नदीनं वर आले, होड्या आणि तांदूळ मागायला. कचेरीतल्या दुसऱ्या कारकुनाला त्यांनी मारून टाकलं. इद्रिसनं बाबांना गुहेत लपवलं. तो मरवळ्ळीचे कंद उकडून आणायचा. मासे आणले ते बाबांनी शिवले नाहीत. चूल पेटवायची सोय नव्हती, धूर दिसला असता. दुसऱ्या पावसाळ्यात ताप आला तो उतरला नाही. खालच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांनी त्याही वर्षी गुपचूप तैपूस केला. इद्रिसनं त्यांच्याकडून चिमूटभर विभूती आणून दिली. बाबांनी ती कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी गेले.

जाळता आलं नाही, धुरामुळेच. इद्रिसनं वर दगड रचले आणि त्याला येत होती ती प्रार्थना म्हटली. आता ते दगडही दिसत नाहीत. वाघळांचा थर त्यावर माझ्या कमरेइतका चढला आहे.

त्यानं मला बाबांची संध्येची पळी दिली. कापडात बांधून जपून ठेवली होती. दांड्यावरचा नाग वाकडा आहे.

आता सांगा मी काय करू. वॉर्डनसाहेब म्हणतात, तुझ्या बापापुरती खणायची परवानगी देतो. पण छताला सध्या पिलं आहेत. चार दिवस दिवे लावून खणलं तर ती पडणार, आणि ज्या गोष्टीसाठी मी लोकांवर काठी उगारतो ती मीच करणार. तरी तुम्ही म्हणाल तर खणतो. अस्थी कावेरीला आणतो.

आईला तुम्ही सांगा. हळू सांगा.

सेतू

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
आश्विन वद्य एकादशी

चिरंजीव सेतूस आशीर्वाद.

पत्र वाचलं. चूल पेटलेली होती, आत घातलं. तेवढ्यात भात उतू गेला.

पळी त्याचीच. मुंजीतली. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी कोल्लैमध्ये, मागल्या अंगणात, त्या पळीनं मुंगळ्यांचं वारूळ उकरत होता. मी हात पिरगाळला तेव्हा नाग वाकला. सोनाराकडे द्यायचा राहिला.

तुला शहाणा म्हणून इंग्रजी शाळेत घातला, आणि बापाचं मरण कळवताना पत्रावर श्री घालतोस? मरणाच्या पत्राला श्री घालत नाहीत, एवढं तुला कोणी शिकवलं नाही? पण घातलीस ते बरं केलंस. गोमतीनं माथा बघितला, श्री बघितली, आणि सुपातले तांदूळ निवडायला बसली. जाळण्याआधी मी तिला सगळं पत्र वाचून दाखवलं. नदीला पूर आला, इद्रिसची होडी फुटली, तू बरा आहेस, असं. माझं मलाच नवल वाटलं, किती सुरळीत आलं.

आता नीट वाच. खणू नको. कोणाला बोलू नको. तिला पित्त नाही. पोटात गाठ आहे, आणि डॉक्टर म्हणाला संक्रांत दिसली तर देवाची दया. तिला एवढंच सांगितलंय की औषधाला वेळ लागतो.

तो गेला हे या घरात उच्चारलं की गल्ली दारात उभी राहील. बांगड्या फोडायला बायका येतील. त्या यायला फार उत्सुक असतात. पोटात गाठ घेऊन पडलेल्या बाईला उठवून न्हाव्यापुढे बसवतील, आणि मीच आत पाणी तापवत असेन, कारण रीत मला सगळ्यांत चांगली येते. आषाढात तुला मी तसंच लिहिलं होतं, करू म्हणून. तेव्हा गाठीचं ठाऊक नव्हतं. आता नाही करणार. ती कुंकवानं जाईल. हिरवा चुडा, मळवट, ओटी, सगळं घेऊन जाईल. मला जे मिळालं नाही ते माझ्या भावाच्या लेकीला मिळेल, मग मागून मला नरकात टाका.

तिथी मी लक्षात ठेविली. पौष वद्य प्रतिपदा. डोक्यावरून पाणी घ्यायला हवं होतं, मेल्याची बातमी ऐकल्यावर घेतात. पण भलत्या वेळी न्हाले तर गोमती विचारील. म्हणून घेतलं नाही. व्यंकटरमणाचं स्नान माझ्याकडे बाकी आहे.

तू ये. आईला बघून घे. पण तोंड सांभाळून ये, बापासारखं तुझं तोंड सगळं सांगतं. आणि त्याआधी एक पत्र टाक, काही शोध लागला नाही म्हणून. श्री ठसठशीत काढ.

विशालाक्षी

॥ श्री ॥

पहांग,
१४ नोव्हेंबर १९५३

तीर्थरूप आजीस व तीर्थरूप सौभाग्यवती आईस साष्टांग नमस्कार.

बाबांचा अजून काही शोध नाही. चौकशी चालू आहे. मी बरा आहे. रजा मिळाली आहे, पेनांगहून डिसेंबरची बोट घेतो. आई, तू बरी हो. गुहेत थंडी नसते. पाणी आत शिरत नाही. जमीन कोरडी आणि मऊ आहे. रात्रभर वाघळं बाहेर असतात आणि पहाटे परत येतात, एकही वाट चुकत नाही.

आजी, इथे पाऊस लागला आहे. नदी वर चढते आहे.

सेतू

कुंभकोणम्,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

सेतू,

या पत्राला वर श्री नाही. तेव्हा तुला कळलंच.

परवा सकाळी गेली. तुझी वाट बघितली. पेपरात आलं होतं म्हणे, पहांगात पूर आहे, गाड्या बंद आहेत. अलमेलूच्या नवऱ्यानं वाचून सांगितलं. तुझा दोष नाही, नदीचा आहे. नदीला कोण बोलणार?

तुझं शेवटचं पत्र तिला तीनदा वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, कागद इकडे द्या. श्रीवरून बोट फिरवलं आणि उशीखाली ठेवलं. तुझ्या पत्रात 'सौभाग्यवती आईस' होतं, ते वाचताना माझा आवाज जरा चढला असेल. माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, तुम्ही दमलात. पुरे आता."

सगळं मनासारखं केलं. तिरुभुवनमचं गडद तांबड्या अरखी रंगाचं रेशमी लुगडं आणवलं, हिरव्या बांगड्या मी माझ्या हातानं चढवल्या. विधवेनं चढवू नयेत, पण दार लावून घेतलं होतं. हात इतके वाळले होते की बांगड्या नुसत्या घसरत होत्या. ती छताकडे बघत राहिली.

शेवटच्या दोन दिवसांत गल्लीतल्या बायका आल्या, कुंकवानं जाणारीच्या हातचं कुंकू घ्यायला. तिनं मूठच उघडली नाही. बोटं सोडवून बघितली, मूठ तशीच. वेदनेनं असेल. मग बायकांनी करंडा तिच्या हाताला टेकवला आणि आपापलं लावून घेतलं. "भाग्याची हो," म्हणत होत्या. मी दाराआड उभी होते. मला, खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं.

अग्नी कृष्णमूर्तीनं दिला, तुझ्या चुलत चुलत्यानं. दिवसही तोच करतोय. बातमी कळेल तेव्हा केस उतरव आणि नदीत बुडी मार.

मी डोक्यावरून पाणी घेतलं. तिच्या स्नानात त्याचंही उरकून घेतलं.

वाचून झालं की हे पत्र फाड. घरात ठेवू नये.

विशालाक्षी

पहांग,
९ जानेवारी १९५४

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

पूर ओसरला तसं तुमचं पत्र महिन्याभराच्या टपालासोबत एकदम आलं. वर श्री नव्हती. मी ते दुपारपर्यंत उघडलंच नाही.

इद्रिस माझ्याबरोबर नदीवर आला. पाण्यात शेजारी उभा राहिला. त्यालाही बुडी मारायची होती का, विचारलं नाही.

गुहेत पाणी शिरलं नाही. मी आईला खोटं लिहिलं नव्हतं.

आता लपवायला कोणी राहिलं नाही. पिलंही उडायला लागली आहेत, पण सगळी नाहीत. तुम्ही हो म्हणा, मी खणतो. निदान एकाला तरी कावेरीला आणतो. मला दोघांपैकी कोणाचंही काही करता आलं नाही, आजी.

सेतू

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
पौष वद्य द्वितीया

चिरंजीव सेतूस आशीर्वाद.

परवा तैपूस झाला. स्वामिमलैला कावड्या गेल्या, रस्ताभर तीच धूळ. काल प्रतिपदा. तुझ्या बापाची तिथी पहिल्यांदा माहीत झाली, म्हणून सकाळी न्हाले, भात घातला, तीळ मिसळून गोळा वळला आणि कोल्लैच्या भिंतीकडे गेले. भटजी नको, कोणी नको, नुसता कावळ्याला.

तर भिंतीवर कावळे आधीच येऊन बसलेले. रोज एखाददुसरा असतो. काल ओळीनं बसले होते, माझ्या हाताकडे बघत. मी गोळा ठेवायच्या आत एकानं चोच घातली.

भिंतीपलीकडे अलमेलू धुणं वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि हातातलं लुगडं तसंच धरून राहिली.

"पाट्टी, तुम्ही? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"आजचा दिवस. दरवर्षी गोमतीच ठेवायची की. तीळ घालून, असाच."

मी म्हटलं, तिचं डोकं दुखायचं आज. अलमेलू रडायला लागली. मी म्हटलं, रड मागून, आधी सांग.

लढाई संपल्यावर मलायातून त्या मळ्यावरच्या मजुरांपैकी एक माणूस परत आला होता, सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा. घाटावर विचारत होता, क्राणी व्यंकटरमण रावांचं घर कुठलं. गोमती तांब्या घासत होती, अलमेलू बाजूला होती. त्यानं सगळं सांगितलं. गुहा, ताप, होडीवाला, तैपूसाचा दुसरा दिवस. गोमतीचा हात कपाळाकडे गेला. पुसायला गेला. मग तिनं हात खाली घेतला आणि पुन्हा तांब्या घासायला लागली. घासून घासून त्याची कल्हई काढली, अलमेलू म्हणते. त्या माणसाला हात जोडून म्हणाली, घरी येऊ नका. आणि अलमेलूला म्हणाली, "आत्याला एवढंच एक पोर. माझं कपाळ पांढरं दिसलं की तिला कळेल. तिच्या लेखी तो हरवलेलाच बरा आहे."

मी भिंतीला धरून उभी राहिले. थंडी वाजत होती, न्हाले होते म्हणून.

सेतू, तिला सवाष्ण म्हणून का जायचं नव्हतं ते आता कळतं. दुसरीच्या कपाळाला बोट लावत नव्हती ते कळतं. त्या बायका आल्या तेव्हा तिनं मूठ उघडली नाही. तिला ठाऊक होतं, या हातचं कुंकू घेण्यासारखं राहिलेलं नाही. तरी मी बांगड्या चढवत होते तर चढवू दिल्या. मळवट भरला तर भरू दिला. मी तुझं पत्र चुलीत जाळत होते, पूर आणि होड्या रचून वाचत होते, आणि ती तांदूळ निवडत ऐकून घेत होती. थंडी असते का, पाणी शिरतं का, एवढंच काय ते विचारलं तिनं मला, आणि मी म्हटलं, तुला बिऱ्हाड करायचंय का?

आठ वर्षं तो तिच्यापुरता मेलेला आणि माझ्यापुरता जिता. एका घरात. आणि मी तिला म्हणायची, धुळीनं डोकं धरलं असेल, सुंठ उगाळून लाव. ती लावायची.

भटजी आज दुपारी आले होते. विचारायला लागले, गोमतीचं नाव पुढल्या वर्षी अविधवा नवमीला धरायचं ना? कुंकवानं गेली ना ती? मी म्हटलं, हो, धरा. शास्त्रात काय असेल ते असू दे. कुंकू होतं तिच्या कपाळावर. कोणासाठी होतं ते शास्त्रानं विचारू नये.

आता तुझं. खणू नको. तिनं त्याला तिथेच ठेविला होता. थंडी नाही, पाणी शिरत नाही, जमीन मऊ आहे, हे तुझ्या पत्रातलं तिनं तीनदा ऐकलं होतं. आपण मध्ये पडून हलवायचा नाही. आणि लोकांना काठीनं हाकलून स्वतः फावडं घेतलंस तर तुला कोण विचारील? तुझा बाप ती गुहा राखायला गेला होता. राखू दे. वैशाखात ये, पानं जाळू. पळसाची पानं बरी आहेत यंदा. पळी तेवढी घेऊन ये. नाग सरळ करून आणू नको.

इद्रिसला माझा नमस्कार सांग. त्यांच्यात नमस्काराला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण नमस्कार सांग.

काल अलमेलू आत गेली तोवर कावळ्यांनी भिंत साफ केली होती. तरी हलेनात. मग मी परत चुलीपाशी गेले, उरलेल्या भाताचा आणखी एक गोळा वळला आणि आणून ठेविला.

तोंडाला फडकं बांधत जा.

विशालाक्षी